'पाडकाम'ची शेवटची लेव्हल

सांगली,
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय कीर्ती,

दिवाळीनंतरचं हे माझं पहिलं पत्र. तू होस्टेलला गेलीस तेव्हापासून एवढा उशीर मी कधी केला नव्हता, म्हणून आधी माफी मागते. फोनवर आपण बोलतो, पण फोनवर मी काय विचारते ते तुला पाठ असेल. जेवलीस का, साताऱ्यात थंडी किती, गाडी सावकाश चालव. खरं बोलणं आपण नेहमी कागदावर केलं आणि तिथेच मी गप्प बसले. तुला वाटलं असणार, आई रागावली. पप्पांनी परवा तसं बोलून दाखवलं तेव्हा मला माझीच चीड आली. रागावले नव्हते गं. मी खेळत होते.

पाडव्याला तू तो डबा टीव्हीला जोडलास, कंट्रोलर माझ्या हातात दिलास आणि तू बनवलेला खेळ, 'पाडकाम', सुरू करून दिलास. पडद्यावर पदर खोचलेली एक बाई, हातात घण, पुढे भिंत. मी एक भिंत फोडली, दुसरी फोडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढं शिकून हे? नुसती मोडतोड?" तू हसलीस आणि म्हणालीस, "आई, पूर्ण खेळल्याशिवाय मत द्यायचं नाही." तू ते जाता जाता म्हणाली होतीस हे मला कळतं. पण मला जाता जाता काही ऐकताच येत नाही. दुसऱ्या दिवशी बस्तीत दर्शनाला गेले ती नियमच घेऊन आले, की हा खेळ संपेपर्यंत गूळ खायचा नाही आणि त्याच्याबद्दल तुझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. पप्पा म्हणाले, "लोक भाजीचा नियम घेतात, मिठाचा घेतात. व्हिडिओ गेमचा नियम घेतलेली बाई दक्षिणेतल्या अख्ख्या जैनांत तू एकटी." हा नियम धर्मासाठी घेतला की हट्टासाठी, असं मी स्वतःला बरेचदा विचारलं. हट्टाचा भाग जास्त असावा. पण घेतलेला नियम घेतलेलाच असतो.

मला वाटलं होतं, आठवड्यात संपेल. तुझ्या त्या बाईला थांबताच येत नाही. मागून सगळं कोसळत येतं आणि पुढे फोडत, उड्या मारत पळायचं. फोडलं की वेग येतो, वेग आला की लांब उडी जाते, थांबलं की गाडली गेली. पहिले काही दिवस माझी बाई एसटी स्टँडच्या बाहेरसुद्धा पडली नाही. अंगठ्याला फोड आला, मग घट्टा पडला. थिएटरच्या लेव्हलीत पडदा फाडून पलीकडे जायचं असतं हे कळायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही. आणि तेलघाण्याच्या लेव्हलीत तर मी पार अडकले. तिथे एका भिंतीवर मुंग्यांची रांग आहे. ती भिंत फोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि मी ती भिंत फोडेना. छत मागून यायचं, बाई गाडली जायची, मी पुन्हा तिथेच उभी. पप्पा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "अगं, त्या चित्रातल्या मुंग्या आहेत." मी म्हटलं, बाईही चित्रातलीच आहे, मग ती मेली तर मी हळहळते ती का? हाक मारायचं बटण माणसांसाठी असतं एवढीच माझी समजूत होती. एकदा ते चुकून दाबलं गेलं आणि त्या मुंग्या ओळीनं, अजिबात घाई न करता, कोपऱ्यातल्या फटीत निघून गेल्या. मग मी मागच्या सगळ्या लेव्हली पुन्हा तपासल्या. चिमण्या, मांजर, हमाल, तिकीट काढणारी माणसं. जिथे जीव आहे तिथे हाक मारल्याशिवाय घण पडतच नाही. तू मला हे आधी सांगितलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता. स्वतः शोधून काढलं म्हणून मला तुझा अभिमान वाटला. या दोन्हींत फरक आहे.

पुढे मला प्रेक्षक मिळाले. मागच्या गल्लीत मेस चालवणाऱ्या भामाबाई तुला आठवतात ना, त्या मिक्सरचं भांडं परत द्यायला आल्या आणि टीव्हीसमोर उभ्याच राहिल्या. मग खाली बसल्या. "हाणा वैनी, हाणा! आवं ती टाकी कशापायी सोडली? पावनी लागती व्हय तुमची?" तेव्हापासून मेसची दुपारची पंगत उठली की त्या आमच्याकडे. त्यांना शोधत त्यांचे मालक यायला लागले. ते कुंडलचे, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार बाळासो. ते खुर्चीत ताठ बसून सूचना द्यायचे. "वैनी, डावी बाजू मोकळी ठेवताय तुमी. शत्रू तिकडनंच येतो." भामाबाई म्हणायच्या, "शत्रू कुठला आलाय हितं, पडकी भिंत हाय. तुमी चा प्या." साखरकारखान्याची चिमणी मी पाडली ती या दोघांच्या भांडणातच. उड्डाणपुलाच्या लेव्हलीनं मात्र माझा घाम काढला. खांबामागून खांब मोडत, पडणाऱ्या तुकड्यांवरूनच उड्या मारत पलीकडे जायचं. ज्या दुपारी माझी बाई पलीकडच्या रस्त्यावर उतरली आणि मागे धुळीचा ढग वर गेला, त्या दुपारी भामाबाईंनी तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारली की समोरची बँकवाली रेश्मा कपडे वाळत घालायची सोडून बाल्कनीत आली. मी खुर्चीवर उभी होते. मी, राजमती, वय सत्तेचाळीस, खुर्चीवर! त्या दिवशी डायरीत लिहिलं की मोडण्यात आनंद वाटणं हा दोष आहे का, आणि खाली उत्तरापुरती जागा सोडली.

मग आली शेवटची लेव्हल. पडद्यावर एकच शब्द आला, 'घर'. आणि मी तिथे रुतले. नाताळ गेला, नवीन वर्ष आलं, मी घरातच. मागच्या सोमवारी, तुझ्याबरोबर खेळ बनवणाऱ्या ऋषिराजचा फोन आला. त्यानं सांगितलं ते तू मला सांगितलं नव्हतंस. लोकांना खेळ आवडतोय, पण शेवटच्या लेव्हलीपाशी सगळे चिडतात, इथे वाटच नाही, ही फसवणूक आहे, असं लिहितात. म्हणून संक्रांतीला नवी आवृत्ती येईल तिच्यात ती लेव्हल नसेल, उड्डाणपुलालाच खेळ संपेल. मी विचारलं, वाट खरंच आहे का? तो म्हणाला, "काकू, वाट हाय. पण सांगायची मला परवानगी न्हाई." रहिमतपूरचा पोरगा, खोटं बोलणार नाही. त्यानं म्हणे तुला सुचवलं होतं की एक बाण काढू, इकडे जा म्हणून. तू म्हणालीस, बाण लावण्यापेक्षा काढूनच टाकू. आणि मग म्हणाला, "ती लेव्हल तिनं सगळ्यात आदी बनवलीय, काकू. बाकीचा गेम आमी मागनं केला. आता ती काढायची म्हटल्यावर कीर्ती हसून 'काढ' म्हणाली, ते मला काय बरं वाटलं न्हाई." मलाही बरं वाटलं नाही. फोन ठेवला आणि माझ्यासाठी खेळ बदलला. आता नियम बाजूला राहिला. संक्रांतीच्या आत मला ती वाट सापडली पाहिजे होती. वाट आहे असं दुसऱ्या कुणीतरी तुला सांगायला हवं होतं.

त्या लेव्हलीत बाई मधल्या खोलीत उभी असते. उजवीकडे पुढचं दार, वर माळा, माळ्यावर कौलं. बाहेर जेसीबीची घरघर जवळ येत असते. मी दारानं गेले, चौकट अंगावर आली. माळ्यावरून गेले, तुळई आली. कौलं फोडून वर गेले तर सगळं घरच खाली बसलं. बाळासो म्हणायचे, "दार हाय तर दारानंच जायाचं. माळ्यावर चडायला आमी काय चोर हाय व्हय?" आणि त्यांच्या सांगण्यावरून मी पुन्हा दारानं जाऊन पुन्हा गाडली जायचे. गुरुवारी दुपारी मी एकटीच खेळत होते. गॅसवर दूध ठेवलं होतं. दाराशी पोचले आणि ते दूध आठवलं. उठता उठता मी स्वयंपाकघराकडे वळले, आणि हात अंगाबरोबर वळला की काय, अंगठा डावीकडे दाबला गेला. तुझ्या खेळात सगळं उजवीकडे पळतं. डावीकडे, पाठीमागे, एक काळा चौकोन होता, तो मला पडद्याच्या कडेचा भाग वाटत आला होता. बाई त्या काळ्या चौकोनात शिरली. आत अंधार. वर, छताला लागून, हाताच्या पंज्याएवढी खिडकी. आणि भिंतीत एक गोल झाकण, डालड्याच्या डब्याचं.

दूध उतू गेलं. मी जागची हलले नाही.

ते झाकण मी ठोकलं होतं, कीर्ती. आपल्या मलकापूरच्या जुन्या घरात चुलीच्या धुराड्याचं भोक होतं, गॅस आल्यावर त्यातून पाली आत यायला लागल्या म्हणून मी खिळे मारून ते बंद केलं होतं. तुझ्या खेळात त्या झाकणाला एक खिळा तिरका आहे. तो तसाच होता. तू तेव्हा आठ वर्षांची होतीस. रस्त्याच्या रुंदीकरणात आपलं घर जाणार होतं आणि आपण सगळे त्या दिवशी तिथे होतो, एवढंच आपण नेहमी म्हणत आलो. जेसीबी लागला की चौकटी, तुळया, कौलं सगळ्यांचा चुरा होतो, म्हणून त्या पट्ट्यातल्या लोकांनी आपापली घरं आधी आपल्या हातांनी उतरवली. आपणही तेच ठरवलं होतं. पाडकामाची माणसं आली होती, पण ती हात लावेनात. "पयला घाव घरच्यानं घालायचा, मग आमी हाय," असं त्यांचं म्हणणं. तशी रीतच आहे. सामान बाहेर काढून झालं, णमोकार म्हणून झाला आणि सगळे पुरुष अंगणात उभे राहिले. आजोबांनी खांबावर हात ठेवला तो काढेचनात. भरतेशकाका खाली बघत होते. पप्पांनी घण उचलला आणि परत ठेवला. उन्हं चढायला लागली तरी घाव कोण घालणार ते ठरेना. मी पदर खोचला, घण उचलला आणि आत गेले. त्यांना वाटलं, पडवीचा कठडा वगैरे पाडेल. मी सरळ स्वयंपाकघरात गेले.

त्या घरात लग्न होऊन आल्यापासून मी त्या भिंतीत एक खिडकी मागत होते. भर दुपारी दिवा लावून भाकरी थापायची मी. पण त्या अंगाला भावकीचं अंगण, आणि आजोबांचं ठरलेलं उत्तर, "भावकीकडं खिडकी नको, सुनबाई." ते वाईट नव्हते गं, भावकीशी त्यांचं जुनं काहीतरी होतं आणि ते माझ्या डोळ्यांवर येत होतं एवढंच. मी आधी पलीकडे कुणी आहे का म्हणून हाक मारली. मग झाकणाच्या शेजारी पहिला घाव घातला. मातीच्या भेंड्यांची जुनी भिंत, तिसऱ्या-चौथ्या घावाला गेली. आणि उजेड आला. असा लोंढ्यासारखा आत आला की मी दोन पावलं मागे सरले. ओट्याची फरशी हिरवट आहे हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी ती पुसत होते आणि मला ती काळी वाटत होती.

गुरुवारी टीव्हीसमोर मी तेच केलं. अंधारात हाक मारली, झाकणाशेजारी घण घातला. भिंत फुटली आणि तुझ्या खेळात पहिल्यांदाच मागून येणारं कोसळणं थांबलं. संगीत थांबलं, जेसीबी थांबला. उजेड पडदाभर पसरला. आणि त्या बाईचं हसू ऐकू आलं. मग ती त्या भोकातून अंगणात उतरली आणि तिच्या मागे घर खाली यायला लागलं, पण अंगावर नाही. वरून, कौलामागून कौल, कुणी हातांनी उतरवावं तसं, सावकाश. शेवटी नावं यायला लागली, सगळ्यात आधी तुझं आणि ऋषिराजचं. पप्पा दुकानातून आले तेव्हा मी जमिनीवर बसले होते आणि खोलीभर जळक्या दुधाचा वास. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आत गेले आणि गुळाचा खडा घेऊन आले. मी म्हटलं, थांबा, नावं सगळी जाऊ देत, खेळ अजून संपलेला नाही. सगळी नावं गेली, मग खाल्ला.

पण त्या संध्याकाळी जेवताना मला शंका आली. संख्याशास्त्र शिकलेल्या बाईनं एका निरीक्षणावर उड्या मारू नयेत. ते घर मी ओळखलं होतं, झाकण मी ठोकलं होतं. मला वाट सापडली म्हणजे इतरांना सापडेल असं कुठे होतं? मग ते चिडलेले लोक बरोबर आणि तुझा निर्णयही बरोबर. म्हणून शुक्रवारी आणि काल मी परीक्षा घेतली. ज्यांनी मलकापूरचं घर कधी पाहिलेलं नाही अशी माणसं बोलावली, 'घर' लावून दिलं आणि मी तोंड मिटून मागे बसले. वाट मला सापडलीय एवढंही कुणाला सांगितलं नाही. पहिले बाळासो. ते दारानंच गेले, सलाम ठोकून गाडले गेले. मग भामाबाई बसल्या. कंट्रोलर पहिल्यांदाच हातात, तरी बाईला थेट मागे वळवलं. बाळासो ओरडले, "आगं उजवीकडं! उजवीकडं! दार तिकडं हाय!" तर त्या म्हणाल्या, "थांबा वो. घर सोडायच्या आदी गॅस बंद हाय का बघायचा का न्हाई? का तुमचा मेजर येऊन बंद करणार हाय?" आणि शिरल्या त्या काळ्या चौकोनात. आत गेल्यावर म्हणाल्या, "आगं बया, काय अंधार हाय हितं, माज्या मेससारका," आणि कुणी न सांगता भिंतीला घण. उजेड आला, हसू आलं, आणि बाळासो खुर्चीतून उठून उभे राहिले. "फितुरी हाय ही," म्हणाले. भामाबाई म्हणाल्या, "फितुरी न्हाई, सैपाकघर हाय ते. तुमी कवा आत आलाय?"

त्यानंतर रांगच लागली. गल्लीतल्या बायका आल्या, मंदिरातल्या आल्या. कुणी दूध बघायला मागे वळली, कुणी देवापुढचा दिवा विझला का ते बघायला. सगळ्याच वळल्या असं मी म्हणणार नाही, दोघी-तिघी दारानं गेल्या. पण बहुतेक वळल्या, आणि वळलेल्या प्रत्येकीनं त्या अंधारात तीच भिंत फोडली. मग मला माझ्या परीक्षेतला दोष दिसला. या सगळ्यांना मी शेवटची लेव्हल आयती दिली होती. मला आधीच्या लेव्हलींनी उजवीकडे पळायला शिकवलं होतं, यांना नाही. म्हणून रेश्माला पहिल्यापासून खेळायला बसवलं. तिचे हात तरणे आहेत, काल सकाळी बसली ती दुपार सरेपर्यंत उड्डाणपूल पाडून मोकळी. 'घर' लागलं आणि ती एकदा दारानं गेली, दुसऱ्यांदा माळ्यावर गेली, आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "वहिनी, या घराला स्वयंपाकघर नाही का?" पुरुषांमध्ये फक्त तुझे भरतेशकाका पास झाले, म्हणजे पंगतीचा स्वयंपाक करणारा माणूस. ते घर त्यांच्या ओळखीचं, त्यामुळे त्यांना मी मोजत नाही. पण घरी जाताना ते मला म्हणाले, "वैनी, ही आपली भिंत हाय न्हवं?" तेव्हा कीर्ती, माझं मत, पूर्ण खेळून झाल्यावरचं, असं आहे. वाट आहे आणि ती सापडते. तुझा खेळ खेळून ज्यांनी तक्रारी लिहिल्या ते सगळे बहुधा असे आहेत की घर सोडताना ज्यांना गॅस आठवत नाही. ते चिडोत. एक दिवस कुणाचं तरी दूध उतू जाईल आणि त्यांनाही सापडेल. 'पाडकाम' हा मी खेळलेला एकमेव खेळ आहे, म्हणून तो जगात कितवा ते मला सांगता येणार नाही. पण तो संपवल्यावर मी गल्लीतून चालले ती मान वर करून चालले, आणि वाटेतली प्रत्येक भिंत मला फोडण्याजोगी वाटली. डायरीतली ती रिकामी जागा भरलीय मी. जिथे आधी हाक मारली आहे तिथे मोडण्यात दोष नाही, असं लिहिलंय.

आता, हे सगळं फोनवर न सांगता पप्पांच्या हाती का पाठवतेय ते. उद्या ते दुकानातले पंप पोचवायला साताऱ्याला येताहेत. त्या दिवशी भिंतीला भोक पडलं तेव्हा पलीकडच्या बाजूनं तू धावत आलीस आणि त्यातून डोकं आत घातलंस. केसांत माती, डोळे एवढे मोठे. तू विचारलंस, "आई, तू हसतेस?" माझ्या मागे आजोबा आले होते, ते म्हणाले, "सुनबाई, घर पडतंय, लगीन न्हवं." आणि मी तुला म्हणाले, नाही गं, रडतेय, डोळ्यांत धूळ गेली. पुढे त्या दिवसाची गोष्ट निघाली की मी तेच सांगत राहिले, सगळेच रडलो म्हणून. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं आणि मलाही ते सोयीचं झालं. तू कधी उलटून विचारलं नाहीस. पण ती भिंत, तो तिरका खिळा आणि ते हसू तू सांभाळून ठेवलंस आणि त्याच्यापुढे एक अख्खा खेळ बांधलास. खेळातला आवाज तुझा आहे, मी ओळखला. पण हसणं माझं आहे, असं मधेच श्वास अडकणारं. तू ती लेव्हल लोकांच्या चिडण्यामुळे काढत नाहीयेस असं मला वाटतं. मी इतक्यांदा रडले म्हणाले की तुला स्वतःच्याच डोळ्यांची शंका यायला लागली असेल, आणि तिथपर्यंत कुणी पोचेना म्हटल्यावर ती पक्की झाली असेल. म्हणून हे माझ्या हातानं, शाईनं लिहून देते. कीर्ती, तू बरोबर पाहिलंस. मी हसत होते. घर पडत होतं आणि मी हसत होते, कारण उजेड येत होता आणि तो मी आणला होता. ती लेव्हल काढू नकोस. बाणही लावू नकोस.

तुझीच,
आई

ता.क. डायरीत उद्यासाठी लिहिलंय: सकाळी गवंडी घेऊन भामाबाईंच्या मेसमध्ये जाणे, मागच्या भिंतीत खिडकी कुठे बसते ते बघायला.